सव्वादोन किलो व्हायचंय ना?

विकसित राष्ट्र व्हायचं म्हणता आणि अजून श्रीखंडाचा रिकामा डबा धुऊन त्यात मोहरी भरता? जमायचं नाही.

जागतिक बँकेचा 2018चा अहवाल बघा. उत्तर अमेरिकेतला माणूस दिवसाला सरासरी 2.21 किलो कचरा करतो. दक्षिण आशियातला, म्हणजे आपण आणि आपले शेजारी, जेमतेम 0.52 किलो. त्यातही निम्म्याहून जास्त ओला! मेथीच्या देठांवर आणि आंब्याच्या कोयींवर कोणी महासत्ता झालेलं नाही. पुठ्ठा हवा, थर्माकोल हवा. चार इंचांचं चार्जर मागवलं की खोक्यात खोकं निघालं पाहिजे.

सुरुवात घरापासून करा. तुमच्याकडे साडीची गोधडी होते, गोधडीचं पायपुसणं, त्यातून उरलं तर स्कूटर पुसायचं फडकं. एका साडीला चार जन्म! तिकडे तिला पहिल्याच जन्मी मोक्ष असतो.

रद्दीवाल्याला आधी दारातून हाकला. जी वस्तू विकून वीस रुपये येतात तिला कचरा कसं म्हणायचं? आणि खरी आडकाठी कचरावेचक बायकांची. पुण्यात तर 1993 पासून त्यांची संघटना आहे, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. तुम्ही मोठ्या कष्टाने केलेला कचरा त्या वजनकाट्यावर पोचण्याआधीच उचलतात. मग आकडा वाढणार कसा?

वाईट संगतीपासूनही जपा. दक्षिण कोरियात 1995 पासून कचऱ्याच्या पिशवीचे पैसे मोजावे लागतात. जपानमधल्या कामिकात्सु गावात कचऱ्याचे चाळीसहून जास्त प्रकार वेगळे करतात. आपल्याकडे नुसता ओला आणि सुका वेगळा करा म्हटलं, तरी सोसायटीची सभा तीन तास चालते.

आदर्श ठेवायचा तर डेन्मार्कचा ठेवा. माणशी वर्षाला 800 किलोच्या आसपास, आणि तरी देश चकाचक! (बागेतला पालापाचोळाही ते हिशेबात धरतात म्हणे. धरू द्या, आकडा फुगतो.) कोपनहेगनमध्ये कचरा जाळून वीज आणि घरांना ऊब देणारा कारखाना आहे, त्याच्या उतरत्या छपरावर लोक स्कीइंग करतात.

आपल्याला तर कारखान्याचीही गरज नाही. मुंबईत देवनारला 1927 पासून कचरा टाकून टाकून आयता डोंगर तयार झालाय. जानेवारी 2016 मध्ये तो पेटला, तेव्हा धूर अवकाशातूनही दिसला. आता फक्त बर्फाचं तेवढं बघा.