टपकतं कुठे, गळतं कुठे

पिकअपच्या हौद्यावर ठेवून प्रवासाला न्यायची, झोपायची सोय असलेली एक खोली आमच्याकडे आहे आणि ती गळते, या दोन्ही बातम्या गल्लीत एकदमच पसरल्या. पहिलीचं कोणाला फारसं कौतुक नव्हतं. दुसरी ऐकून मात्र माणसं घरून शिडी घेऊन आली.

खान्देशात छताबद्दल मत नाही असा माणूस शोधूनही सापडायचा नाही. पिढ्यान्‌पिढ्या धाब्याच्या घरात राहिलेली मंडळी ही. मृग लागायच्या आत धाब्यावर खारी माती टाकायची, उतार बघायचा, पन्हाळं मोकळं करायचं, हे सगळं अंगात मुरलेलं. त्यामुळे नानांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, खाटेवरूनच निदान केलं : "इतलं काय मोठं? एक घमेलं खारी टाकी दे, भो. काम खतम." ताशी साठच्या वेगाने पळणाऱ्या छपरावर माती टिकत नाही, हे सांगायला मी तोंड उघडतोय तोच शेजारच्या बापूंनी डांबर सुचवलं. पलीकडच्या काकूंनी ताडपत्री सुचवली. ती बांधली तर वाऱ्याने फडफडते, दोऱ्या कडेचं मोल्डिंग घासत राहतात, आत ओल कोंडते ती निराळीच; पण कांदा आणि मका ताडपत्रीखाली सुखरूप राहत असताना माणूस का राहू नये, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खरं म्हणजे पावसाला उगाच नावं ठेवतात लोक. तो येतो जूनमध्ये, छपराची वाट मे महिन्यातच लागलेली असते. भुसावळ-जळगावकडे पारा 45 च्या वर गेला की दुपारी पत्र्याला बोट लावायची सोय नसते. तीन मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा पत्रा 40 अंश जास्त तापला की जवळजवळ पावणेतीन मिलिमीटर वाढतो आणि रात्री पुन्हा आखडतो. रोज. खालचं प्लायवूड आणि लोखंडी फ्रेम यांचा हिशेब वेगळा. दोघांच्या मधे अडकलेल्या, सांधे बुजवणाऱ्या सीलंटने कोणाची बाजू घ्यायची? महिनाभर तो दोघांचंही ऐकतो आणि मग तडकतो. त्यात आमच्या रस्त्यांचा हातभार.

बरं, सावलीत उभी करावी म्हटलं तर सावली कडुनिंबाची. फांदी पत्र्यावर घासते, निंबोळ्या पडतात आणि पाणी जायच्या वाटेवर बूच होऊन बसतात. उन्हात ठेवली तर सीलंट जातं, सावलीत ठेवली तर पत्रा. शेवटी मी ऊन पत्करलं आणि वरून उष्णता परतवणारा पांढरा रंग दिला.

हा रंग आईला फार आवडला. जमिनीपासून उंच, शेळ्यांच्या तोंडाला न लागणारी, पांढरीशुभ्र आणि दिवसभर उन्हातली जागा म्हणजे बिबड्या वाळवायला देवानेच पाठवलेली! दुसऱ्या दिवशी बघतो तर वर आईचं जुनं पातळ पसरलेलं आणि त्याच्या चारी कोपऱ्यांवर विटा. नेमक्या सांध्यावर. छपरावर चढायचंच तर आधी फळी टाकावी, वजन फ्रेमवर यावं, वगैरे मी समजावलं. आईने फळी टाकली. फळीवर कुरडया घातल्या.

गळती मात्र स्वतःचा पत्ता सांगत नाही. पुढे, ड्रायव्हरच्या केबिनवर जो पलंग येतो, तिथे बरोबर माझ्या उशीवर थेंब पडायचा. बायकोची उशी कोरडी. "अहो, माणूस बघूनच पडतो तो," हे तिचं मत. तोरणमाळच्या घाटात तर वळणावळणाला थेंब जागा बदलायचा. मी उशीच्या वरचा पंखा उपसला, चौकट साफ केली, खाली ब्यूटाइलची चिकट पट्टी घातली, स्क्रू आवळले, पट्टी दबल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळले. काम झकास झालं. थेंब चालू.

इथे सिलिकॉनबद्दल बोलायलाच हवं. हार्डवेअरच्या दुकानात गळती शब्द उच्चारला की ट्यूब पुढे सरकते. न्हाणीघराला ठीक आहे. छपरावर ते कडेने सुटतं, आणि एकदा लागलं की त्याच्यावर दुसरं काही चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा धड धरत नाही. आधीच्या मालकाने ते सढळ हाताने थापलं होतं. प्लास्टिकच्या पट्टीने ते खरवडताना अंगठ्याची कातडी आधी निघाली, सिलिकॉन नंतर. मग पुसून, वाळवून, छपरासाठीच मिळणारं लवचीक सीलंट.

शेवटी एका बॉडीवाल्या मिस्त्रीने मार्ग काढला. खिडक्या-झरोके चिकटपट्टीने बंद केले, दारातून ब्लोअरने आत बेताने हवा भरली आणि मला साबणाच्या पाण्याचा तांब्या देऊन वर पाठवलं. खाली अख्खी गल्ली. पंख्याभोवती काही नाही. सोलर पॅनेलच्या पायांशी काही नाही. आणि पार मागच्या टोकाला, कडेच्या त्या इवल्याशा लाल दिव्याच्या बुडाशी, बारीक फुगे येऊ लागले, पिटपिट पिटपिट. पाणी तिथून आत शिरायचं, फ्रेमच्या पोकळ नळीतून अंगणाच्या उताराने पुढे यायचं आणि माझ्या उशीपाशी उतरायचं. दिवा काढला. मागचं प्लायवूड अंगठ्याने दाबलं तर भिजलेल्या खारीसारखं आत गेलं. बेकरीतली खारी म्हणतोय, नानांची नव्हे.

ते लाकूड कापून नवं बसवलं. आता पेटी हौद्यावरून उतरवली की चार कोपऱ्यांच्या जॅकवर मुद्दाम तिरकी ठेवतो, म्हणजे वर पाणी साचत नाही. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून, "भाऊ, घर कलंडतंय," असं सांगून जातो. नाना त्यांना, "उतार शे तो," एवढंच ऐकवतात. हा उतार काढायची अक्कल आपलीच, असं त्यांचं म्हणणं आहे आणि ते खोटंही नाही.

परवा श्रावणसरीत रात्री बापूंचा फोन. त्यांचा स्लॅब गळत होता.

"पाणी कुठे पडतंय, बापू?"

"पंख्यावर."

"मग भोक पंख्यापाशी शोधू नका. पाणी लांबून येतं, स्लॅबचा उतार कुणीकडे आहे ते बघा."

"उतार सकाळी बघू. आत्ता पंखा चालू आहे आणि सगळ्या घरात पाऊस पडतोय."

"तो बंद करा ना आधी!"

"बटण ओलं आहे. म्हणूनच तुला बोलावतोय."