डोमेन वेबसाइटवाल्याच्या नावावर ठेवू नका

कोकणातल्या आंबा विक्रेत्यांच्या आणि होम-स्टे चालवणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक संदेश फिरत आहे. त्यातला उपदेश थोडक्यात असा: डोमेन, म्हणजे वेबसाइटचे इंटरनेटवरचे नाव-पत्ता, एकदा विकत घेतले की ते कायमचे आपले, ते वेबसाइट करणाऱ्याच्याच नावावर राहू द्यावे, म्हणजे कटकट त्याची, नावात ‘बेस्ट’, ‘ऑनलाइन’, गाव आणि फळ असे सगळे कोंबावे, म्हणजे गूगलवर पहिला क्रमांक, ‘डॉट कॉम’ नसेल तर गिऱ्हाईक फिरकत नाही, आणि नाव नोंदवले की ट्रेडमार्क वेगळा लागत नाही. देवगडला आंब्याची साटे आणि कोकमाचे आगळ विकणाऱ्या माझ्या मामेबहिणीने यावर विसंबून वेबसाइट करणाऱ्या मुलाला ‘तुझ्याच नावावर घे’ असे सांगूनही टाकले होते, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

यातला सर्वांत घातक सल्ला दुसरा, म्हणजे डोमेन वेबसाइटवाल्याच्या नावावर राहू देण्याचा.‌ बाग आपली, कलमे आपली आणि सातबारा मात्र कुंपण घालणाऱ्याच्या नावावर, असा हा व्यवहार आहे. डोमेन नावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या ‘आयकॅन’ या संस्थेचा डोमेन विकणाऱ्या कंपन्यांशी २०१३ सालचा करार आहे आणि त्यात याबाबत शंकेला जागाच ठेवलेली नाही: नोंदणीधारकाने नाव दुसऱ्याला वापरायला दिले, तरी नोंदीपुरता धारक तोच राहतो आणि जबाबदारीही त्याचीच असते. म्हणजे वेबसाइटवाल्याने स्वतःच्या नावावर नोंदवलेले डोमेन आपण केवळ वापरत असतो, पैसे आपण भरले असले तरीही. नाव एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे हलवायचे झाल्यास त्यासाठी लागणारा संकेतांक धारकाने मागितल्यापासून पाच दिवसांत दिलाच पाहिजे, असा आयकॅनचाच नियम आहे. पण तो मागण्याचा हक्क धारकाचा, आपला नव्हे. तो मुलगा उद्या पुण्याला नोकरीला गेला, त्याने फोन नंबर बदलला किंवा बिलावरून वाद झाला, तर पेट्यांवर छापलेला पत्ता आणि त्यावर चालणारा ईमेल हे दोन्ही त्याच्या मर्जीवर राहतात. तांत्रिक बाजू जाणकाराने सांभाळावी हे मला मान्य आहे, पण त्यासाठी खाते आपल्या नावाने, आपल्या मोबाइलवर आणि आपल्या ईमेलवर उघडून त्याला कामापुरता प्रवेश देता येतो. मालकी देण्याची गरज नसते.

‘कायमचे आपले’ हे तर निखालस खोटे आहे. ‘डॉट कॉम’ नाव एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठीच नोंदवता येते आणि बहुतेक जण ते एकेका वर्षासाठी घेतात. मुदत संपल्यावर विकणारी कंपनी ते फार तर पंचेचाळीस दिवस आपल्याकडे ठेवू शकते, आणि त्याआधीही रद्द करू शकते. रद्द झाल्यावर तीस दिवस ते मोठे शुल्क भरून सोडवता येते, पुढचे पाच दिवस काहीच करता येत नाही आणि मग ते नाव कोणालाही घेण्यास मोकळे होते. मुदतीपूर्वी सुमारे एक महिना व एक आठवडा आणि मुदतीनंतर पाच दिवसांच्या आत सूचना पाठवणे कंपन्यांना बंधनकारक आहे, पण ती सूचना जाते नोंदणीधारकाला, म्हणजे पुन्हा त्या मुलालाच. नोंदणी स्वतःच्या नावावर असली तरी एक खोच उरते. खात्याला जोडलेला ईमेल त्याच डोमेनवरचा असेल, तर नाव बंद पडताच तो ईमेलही बंद पडतो आणि शेवटची सूचना पोहोचतच नाही. आपल्याकडे वेबसाइटची कामे हंगाम संपल्यावर, पावसाळ्यात निघतात, त्यामुळे नूतनीकरणही ऐन पावसात येते, जेव्हा वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसतो आणि होम-स्टेवाल्यांकडे गणपतीची चौकशी सुरू झालेली असते. तेव्हा दोन-तीन वर्षांचे पैसे एकदम भरावेत आणि आपोआप नूतनीकरण चालू ठेवावे.

नावात शब्द कोंबण्याचा काळ गूगलने २०१२ मध्येच संपवत आणला. केवळ शोधशब्दांशी जुळणाऱ्या नावाच्या जोरावर वर येणारी निकृष्ट संकेतस्थळे तेव्हापासून खाली ढकलली जातात. नावावरून माल कळला तर ग्राहकाला बरे वाटते, एवढेच त्यात तथ्य. त्यापेक्षा नाव फोनवर सांगितल्यावर मुंबईच्या गिऱ्हाइकाला न चुकता लिहिता येते का, हे पाहावे. ‘कोकण’ रोमन लिपीत दोन तऱ्हांनी लिहितात, म्हणून परवडत असेल तर दोन्ही रूपे घ्यावीत.

‘डॉट कॉम’ लोकांच्या बोटांत बसले आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. पण ‘निक्सी’ या भारतीय संस्थेच्या देखरेखीखालचे ‘डॉट इन’ २००५ पासून सर्वांना खुले आहे आणि त्यावर देशभर व्यवहार चालतात.

राहिला ट्रेडमार्क. २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखे संरक्षण मिळू शकते असे म्हटले, हे खरे आहे. परंतु त्यासाठी त्या नावाने बाजारात पत कमावल्याचे सिद्ध करावे लागते, नुसती नोंदणी पुरत नाही. ‘हापूस’च्या बाबतीत तर प्रश्न आणखी वेगळा आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा अधिकृत वापरकर्ता होण्यासाठी बागायतदाराला चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो, आणि डोमेनच्या पावतीचा तिथे काहीही उपयोग नाही.