अकरावी, दोन पोप आणि चौकड्यांचा स्कर्ट

कॅथलिक मुलींच्या शाळेबद्दल इथे अमेरिकेतल्या आपल्या मराठी लोकांच्या डोक्यात दोन गोष्टी पक्क्या बसल्या आहेत. एक, तिथे शिस्त लागते. दोन, तिथे मुलगे नसतात, त्यामुळे आईबाप निवांत. आठवीतल्या मुलींचे पालक मला या दोन्ही गोष्टी ठासून सांगतात आणि वर विचारतात, "तू तिथलीच ना गं? मग घालू ना हिला?" मी म्हणते, घाला. पण या दोन कारणांसाठी घालणार असाल तर पस्तावाल, हेही म्हणते. मग त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकते. लांबलंय, चहा घेऊन बसा.

मी जर्सी सिटीतल्या अशा एका शाळेत होते. इथलं हायस्कूल चार वर्षांचं, त्यातलं तिसरं म्हणजे ज्युनियर इयर, आपली अकरावी. माझी २०१२-१३ सालची. हे वर्ष सगळ्यांत वाईट असं सगळे सांगतात, कारण कॉलेजवाले याच वर्षाचे मार्क निरखून बघतात. मार्चपासून एसएटी ही कॉलेज प्रवेशाची परीक्षा, तिची रंगीत तालीम म्हणजे पीएसएटी ऑक्टोबरात, आणि मे महिन्यात एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या परीक्षा. अभ्यासाबद्दल एवढंच सांगते की एसएटी तेव्हा २४०० मार्कांची होती आणि माझे मार्क आईने ठाण्याला फोन करून कुणालाही कळवले नाहीत.

आता सरकारी शाळा फुकट असताना फी कशाला भरायची? बाबा एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेले. सरकारी शाळा घराच्या पत्त्यावरून मिळते, आणि चांगल्या शाळांच्या भागात घर घ्यायची ऐपत नव्हती. नन्सची फी त्या घराच्या हप्त्यापेक्षा स्वस्त पडत होती. एवढंच कारण. देवाधर्माचा काही संबंध नव्हता.

पहिला गैरसमज काढूया. मुलगे नसले की मुली मर्यादेत राहतात म्हणे. अहो, मुलगे नसले की मुली सुटतात! चौकड्यांचा स्कर्ट, गुडघ्यापर्यंत मोजे आणि वर पोलो शर्ट असा आमचा गणवेश. नियम असा की स्कर्ट गुडघ्याला टेकला पाहिजे. सकाळी शिस्त बघणाऱ्या डीनबाई दारात उभ्या असेपर्यंत तो टेकायचा. त्या पाठमोऱ्या झाल्या की कमरेला दोन घड्या पडायच्या, आणि जिन्यावर त्या पुन्हा दिसल्या की आख्खी रांग एकाच झटक्यात स्कर्ट खाली ओढायची. हा सगळा खटाटोप कुणाला दाखवायला होता? कुणालाच नाही, निव्वळ नियमाशी भांडण. जानेवारीत थंडी पडली की त्याच मुली स्कर्टखाली घरातला पायजमा चढवून यायच्या. केस विंचरायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. बेसिनपाशी बोलत बोलत बिनधास्त मिशी काढणाऱ्या मुली मी तिथेच पाहिल्या. आधी मी ठाण्याच्या मिश्र शाळेत होते. तिथे फळ्यापाशी उभं राहिलं की मागचे बाक काय म्हणत असतील याचा हिशोब डोक्यात आपोआप चालायचा. इथे तो कधी बंद पडला ते कळलंसुद्धा नाही. फिजिक्सच्या तासाला सर्वांत मोठ्याने चुकीचं उत्तर देणारी मुलगी मीच होते आणि त्याचं कुणाला काही नव्हतं.

दुसरा गैरसमज, नन्सचा धाक. धाक दाखवायला नन्स हव्यात ना! १९६५ साली अमेरिकेत जवळपास १ लाख ८० हजार सिस्टर्स होत्या, माझ्या अकरावीच्या वर्षी उरल्या होत्या ५५ हजारांच्या आसपास, त्याही बऱ्याचशा म्हाताऱ्या. आमच्या शाळेत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. केमिस्ट्रीच्या सिस्टर सत्तरी ओलांडलेल्या. साधा कार्डिगन, पायात स्पोर्ट्स शूज, गळ्यात बारीकसा क्रॉस. स्काइपवर फोटो दाखवला तर आजीला पटेचना. "डोक्याला फडकं नाही, मग नन कसली गं ही?"

माझी अकरावी सुरू होण्याआधी, एप्रिल २०१२ मध्ये, व्हॅटिकनने अमेरिकी सिस्टर्सच्या सर्वांत मोठ्या संघटनेवर ठपका ठेवला होता. आरोपांत एक होता तो जहाल स्त्रीवादाचा. देखरेखीला एक आर्चबिशपही नेमला. उन्हाळ्यात काही सिस्टर्स बस घेऊन नऊ राज्यांत फिरल्या, गरिबांच्या योजनांना कात्री लावणाऱ्या बजेटच्या विरोधात. सप्टेंबरात शाळा सुरू झाल्यावर आमच्यातल्या एकीने सिस्टरना सरळ विचारलं, तुम्हाला राग नाही का आला? सिस्टर म्हणाल्या, "आलाय. पण उद्या लॅबमध्ये टायट्रेशन आहे, गॉगल विसरू नका." हा झाला नन्सचा धाक.

ऑक्टोबर संपता संपता सँडी चक्रीवादळ आलं. २९ तारखेच्या रात्री हडसन नदीचं पाणी रस्त्यांवर. दिवे गेले, शाळा बंद. राज्यपालांनी हॅलोविन पुढे ढकलून ५ नोव्हेंबरला केला. सणाची तारीख सरकारी हुकमाने बदलते हे आईने इतक्या कौतुकाने आजीला सांगितलं की विचारू नका. पेट्रोलसाठी गाड्यांच्या नंबरप्रमाणे सम-विषमच्या रांगा. शाळा पुन्हा उघडली तेव्हा निम्म्या मुली घरी गरम पाणी नाही म्हणून जिमच्या शॉवरवर तुटून पडल्या.

आणि याच गडबडीत आमच्या वर्गाला पहिला पोप मिळाला. जर्सी सिटीत इजिप्तहून आलेले कॉप्टिक ख्रिस्ती भरपूर. त्यांचा पोप वेगळा. त्यांचे आधीचे पोप मार्चमध्ये वारले होते आणि नवे निवडायचे होते. ४ नोव्हेंबरला कैरोमध्ये डोळे बांधलेल्या एका लहान मुलाने तीन चिठ्ठ्यांतली एक उचलली आणि तवाद्रोस दुसरे पोप झाले. आमच्या वर्गातल्या कॉप्टिक मुलीने रिलिजनच्या तासाला हे रंगवून सांगितलं. तिच्या घरी वीज नव्हती, तिने सगळं फोनवर ऐकलेलं. त्यावर वर्ग पेटला. चिठ्ठीने पोप? हे काय लॉटरीचं घर आहे का? ती म्हणाली, शेवटच्या तिघांपर्यंत मतदान होतं, मग निवड देवावर सोडतो. तुम्ही सगळंच माणसांवर सोडता. फिलिपिनो मुली, पोर्टोरिकन मुली, आयरिश आजोबांच्या नाती, एक पाकिस्तानी मुलगी आणि मी, सगळ्या तुटून पडलो. तास संपला तरी वाद जिन्यावर चालू. गणपतीला कौल लावतात ते मी त्या दिवशी पहिल्यांदा इंग्रजीत समजावून सांगितलं, आणि सांगता सांगता मलाच ते नीट कळलं.

रिलिजनचा तास सक्तीचा, हे पालकांना आधीच सांगते. ज्युनियर इयरला आम्हाला आधी संस्कार, म्हणजे बाप्तिस्मा वगैरे, आणि मग नीतिशास्त्र होतं. धर्म बदलायला कुणी सांगत नाही. माससाठी, म्हणजे पाद्री चालवतात त्या सामूहिक प्रार्थनेसाठी, चॅपलमध्ये बसायचं, कम्युनियनच्या, म्हणजे प्रसादाच्या, वेळी पुढे जाऊन छातीवर हातांची फुली करायची, म्हणजे पाद्री नुसता आशीर्वाद देतात. ॲश वेन्सडेला, म्हणजे ईस्टरआधीचे उपवास सुरू होतात त्या बुधवारी, कपाळाला राख मात्र कुणीही लावून घेऊ शकतं. आदल्या वर्षीच्या पाम संडेची झापं जाळून ती करतात. मी लावून घेतली आणि तशीच स्काइपवर बसले. आजीने चष्मा वर केला. "अंगारा कुठल्या देवीचा गं?" मी म्हटलं, येशूचा. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "असू दे. पुसू नको आता, झोपताना धू."

त्याच्या दोनच दिवस आधी, ११ फेब्रुवारी २०१३ ला, पोप बेनेडिक्ट राजीनामा देत असल्याचं जाहीर झालं होतं. सुमारे सहाशे वर्षांत असं घडलं नव्हतं. शाळेला दुसरा विषयच राहिला नाही. मार्चमध्ये इथे कॉलेज बास्केटबॉलचा ज्वर असतो, कोण कोणाला हरवणार याचे तक्ते भरतात. आमच्या वर्गात फळ्यावर तसाच तक्ता, पण कार्डिनल्सचा, म्हणजे पोप निवडणाऱ्या बड्या पाद्र्यांचा: त्यांच्यातला कोण पोप होणार? माझ्या फिलिपिनो मैत्रिणीने मनिलाच्या कार्डिनल टागलेंवर पाच डॉलर लावले. पैजेचे पैसे गरिबांना जेवण देणाऱ्या सूप किचनला जाणार असं ठरल्यामुळे डीनबाईंनीही काणाडोळा केला.

१३ मार्चला शेवटचे तास चालू होते. शिक्षकांनी शिकवायचा प्रयत्न केव्हाच सोडला होता. प्रत्येक वर्गात पडद्यावर एकच चित्र, कार्डिनल्सचं मतदान चालू होतं त्या सिस्टिन चॅपलचं धुराडं (काळा धूर म्हणजे अजून निवड नाही, पांढरा म्हणजे नवा पोप) आणि त्यावर बसलेला एक सीगल. त्या पक्ष्यावर आम्ही जितकी चर्चा केली तितकी अभ्यासाला असलेल्या मॉबी डिक कादंबरीवरही केली नव्हती. दोन वाजून गेल्यावर धूर आला. आधी करडा वाटला. "ब्लॅक! नो, व्हाइट!" मग पांढराशुभ्र, आणि कॉरिडॉरमधून अशी किंकाळी उठली की खालच्या ऑफिसातली बाई काय झालं म्हणून पळत वर आली. शाळा सुटायची घंटा झाली. कुणी हललं नाही. बसेस गेल्या. तासाभराने सज्जात एक म्हातारे कार्डिनल आले आणि लॅटिनमध्ये नाव बोलले. कुणाला ओ की ठो कळलं नाही. स्पॅनिशच्या बाई मोबाइलवर शोधत होत्या. त्या एकदम उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "अर्जेंटिना!" आणि मग रडायलाच लागल्या. इक्वाडोर, कोलंबिया, डॉमिनिकन रिपब्लिक, जिचं जे असेल ती मुलगी बाकावर चढली. लॅटिन अमेरिकेतला पहिला पोप. सज्जात आलेल्या त्या माणसाने जगाला 'शुभ संध्याकाळ' म्हटलं आणि लोकांना आशीर्वाद देण्याआधी स्वतःसाठी प्रार्थना करायला सांगितलं. दाराशी टेकून उभ्या असलेल्या केमिस्ट्रीच्या सिस्टर काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "बरंय. बघू."

दुसऱ्या दिवशीचा रिलिजनचा तास मला जन्मात विसरता येणार नाही. आदल्या दिवशी सर्वांत जास्त नाचलेली इक्वाडोरची मुलगी हात वर करून उभी राहिली. म्हणाली, आत ११५ कार्डिनल होते, बाई एकही नाही. आपल्या शाळेत प्रिन्सिपॉल बाई, डीन बाई, फिजिक्सला बाई, बास्केटबॉलची कोच बाई. मग मासला बाहेरून एक पुरुष का आणावा लागतो?

रिलिजनच्या बाई तरुण होत्या. त्यांनी विषय टाळला नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ साली लिहिलेलं पत्र काढलं, त्यात स्त्रियांना पाद्री म्हणून दीक्षा देण्याचा अधिकारच चर्चला नाही असं स्पष्ट म्हटलंय. ते वाचून दाखवलं, येशूने बारा शिष्य पुरुषच निवडले हा त्यामागचा मुद्दा समजावला आणि मग गृहपाठ दिला: जी बाजू तुम्हाला पटत नाही, तिच्या वतीने दोन पानं लिहा. झालं! मी, ठाण्याची ब्राह्मणाची पोर, व्हॅटिकनची वकिली करत रात्री बारापर्यंत बसले. दुसऱ्या दिवशी पाकिस्तानी मुलीने मला विचारलं, तुमच्याकडे बायका पुजारी असतात का? मी घरी येऊन आजीला फोन लावला. बोलता बोलता गाडी शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर आली, तिथे बायकांना का चढू देत नाहीत? आजी म्हणाली, पूर्वापार आहे. मी म्हटलं, पोपही तेच म्हणतात. आजी हसली नाही. तीन वर्षांनी, एप्रिल २०१६ मध्ये, तो चौथरा बायकांना खुला झाला. त्या संध्याकाळी आजीने स्वतःहून फोन केला होता.

माझं म्हणणं हे आहे. ती शाळा मला आवडते ती तिच्यातल्या या फटीमुळे. "तू काहीही होऊ शकतेस" असं रोज सांगणारी संस्था आणि तिच्याच डोक्यावर "हे एक सोडून" असं लिहिलेलं. तिथे शिकवणाऱ्या बायकांना ते माहीत होतं. त्यांनी ते आमच्यापासून लपवलं नाही, उलट प्रश्नपत्रिकेत घातलं. ज्यांना हा निव्वळ दुटप्पीपणा वाटतो त्यांच्याशी मी वाद घालत नाही, त्यांचंही बरोबर आहे. पण सोळाव्या वर्षी, ज्यावर आपलं प्रेम आहे त्याच्याशी भांडायला मला दुसरीकडे कुणी शिकवलं असतं असं वाटत नाही.

बाकी रिंग सेरेमनी झाली. शाळेची अंगठी मिळते, आणि मैत्रिणी ती तुमच्या बोटात फिरवतात, २०१४ च्या बॅचला १४ वेळा. आईला तो साखरपुडाच वाटला. प्रॉम, म्हणजे वर्षअखेरीचा नाच, तोही झाला. मुलांच्या शाळेतून आणलेले मुलगे भिंतीला चिकटून उभे आणि आम्ही आमच्यातच नाचलो. त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

२०२५ साली ८ मे रोजी पुन्हा पांढरा धूर आला तेव्हा आमचा शाळेतल्या मैत्रिणींचा ग्रुप खडबडून जागा झाला. कोणी ऑपरेशन थिएटरबाहेर, कोणी कोर्टात, कोणी पोर झोपवत. मनिलावालीचे टागले पुन्हा राहिले, शिकागोचा माणूस झाला. इक्वाडोरवालीने फक्त एक ओळ टाकली: "१३३. अजूनही शून्य."

या शाळा आता भराभर बंद पडतायत, हेही पालकांनी ध्यानात घ्यावं. साठच्या दशकात अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांमध्ये ५० लाखांहून जास्त मुलं होती, आता १७ लाखांच्या आसपास आहेत. अमेरिकी संसदेच्या पहिल्या महिला सभापती नॅन्सी पेलोसी ज्या बाल्टिमोरच्या मुलींच्या शाळेत शिकल्या ती १८४७ सालची, २०२० मध्ये बंद झाली. नाममात्र पैशांत शिकवणाऱ्या सिस्टर्स संपल्या आणि फी वाढत गेली, गणित सरळ आहे. तेव्हा प्रवेश घेण्याआधी शाळेचा पट आणि हिशोब जरूर विचारा.

ओपन हाउस, म्हणजे शाळा बघायला बोलावण्याचे दिवस, बहुतेक ठिकाणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असतात. मुलीला घेऊन जा. शाळा दाखवायला एखादी अकरावी-बारावीची मुलगी देतात. तिला रिझल्ट विचारू नका, ते वेबसाइटवर असतात. तिला विचारा, "या शाळेचं तुला काय पटत नाही?" उत्तर देण्याआधी ती शेजारच्या शिक्षिकेकडे बघते का, तेवढं बघा.