रबरी गोळा चावून जबडा बरा होत नाही

माझी भाची काही आठवडे सिलिकॉनचा गोळा दाढांखाली धरून चावत होती, जबड्यातला ‘कट्’ आवाज जावा म्हणून. आता तिचं तोंड जेमतेम दोन बोटं जातील एवढंच उघडतं. एरवी आपलीच तीन बोटं उभी आत जायला हवीत. तिला आलेला मेसेज मलाही दोन-चार ग्रुपवरून आलाय. गालातला मॅसेटर हा म्हणे शरीरातला सर्वांत ताकदवान स्नायू. गोळा रोज अर्धा तास चावून तो कमावला की चेहरा रेखीव होतो, वेडेवाकडे दात सरळ होतात, अक्कलदाढेला जागा मिळते, जबडा कमजोर म्हणून झोपेत दात खाल्ले जातात तेही थांबतं, जबड्याचं दुखणं पळतं. आणि ठळक अक्षरात: ‘दुखलं तरी थांबू नका.’

याच ओळीपासून सुरुवात करते, कारण खरं नुकसान तिनेच होतंय. जबड्याच्या सांध्यात दोन हाडांच्या मध्ये एक चकती असते. ती पुढे सरकलेली असेल तर तोंड उघडताना जागेवर येते आणि आवाज होतो. नुसता आवाज असेल, दुखत नसेल, तर बहुतेकदा उपचारही लागत नाहीत. पण चकती जागेवर आलीच नाही तर तोंड अडकतं. अशा सांध्यावर आणि आधीच दुखणाऱ्या स्नायूंवर आणखी भार कशासाठी? चावण्याचा जोर फक्त दातांवर पडत नाही, सांध्यावरही येतो. दिवसभरात वरचे-खालचे दात एकमेकांना जेमतेम वीसएक मिनिटं टेकतात, असा जुना अंदाज आहे. एरवी त्यांच्यात दोन-चार मिलिमीटरची फट असते. त्यात हा अर्धा तास!

व्यायामाचा उपयोग होतो, हे मान्य करावंच लागेल. जबड्याच्या जुनाट दुखण्यावर ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना छापल्या. त्यात देखरेखीखालच्या जबड्याच्या व्यायामाची आणि स्नायू ताणण्याची ठाम शिफारस आहे. पण हे व्यायाम म्हणजे जबड्याच्या हळूवार, मोजून-मापून केलेल्या हालचाली. दुखत असताना गोळा करकचून चावणं त्यात कुठून आलं?

जबडा कमजोर म्हणून माणूस दात खातो, हे तर साफ उलटं आहे. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८६ मध्ये एका माणसाच्या चाव्याचा जोर सुमारे ४४० किलो मोजला. दात खाणाऱ्यांपैकी काहींचा चावा इतरांच्या सहापट असू शकतो, असंही त्यांनी लिहिलंय. यांना कमजोर म्हणायचं? झोपेत दात खाण्यामागे मुख्यतः झोपेत मेंदूत चालणाऱ्या घडामोडी असतात. स्नायू कमावून त्या थांबत नाहीत. आणि मॅसेटर वाढला की चेहरा कानाखाली रुंद, चौकोनी होतो. तो कमी करायला लोक स्नायू सैल पाडणारी बोट्युलिनमची (बोटॉक्सची) इंजेक्शनं घेतात.

सर्वांत ताकदवान स्नायू कोणता, हे कशाने मोजता त्यावर आहे. सोडून देऊ.

दात सरळ होण्याचं म्हणाल तर तारा लावल्यावर दात हलतात ते तासन् तास टिकणाऱ्या हलक्या दाबाने, क्षणभराच्या जोरदार चाव्याने नव्हे. वाढत्या वयात मऊ अन्नावर वाढवलेल्या प्राण्यांचे जबडे लहान राहतात, हे प्रयोगांत दिसलंय. तेवढं अर्धसत्य या मेसेजच्या पदरात टाकते. मात्र वाढ पूर्ण झालेल्या माणसाचा जबडा चावून लांब होत नाही, अक्कलदाढेला जागाही मिळत नाही.

एका गोष्टीचा मेसेजमध्ये उल्लेखच नाही. रूट कॅनाल झालेली, पण अजून कॅप न बसवलेली दाढ असा जोर सहन करेलच असं नाही. ती मुळापर्यंत उभी चिरली तर बहुतेकदा काढावीच लागते. ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवलाय त्यांनी आपापल्या ग्रुपवर निदान एवढं लिहा: दुखत असेल तर चावणं लगेच थांबवा, आणि तोंड पूर्ण उघडत नसेल तर दंतवैद्याला दाखवा.