आधी गावठाण, मग रस्ते

नगरनियोजन म्हटलं की आपली चर्चा रस्ते, एफएसआय आणि मेट्रोवरच अडकते. मला वाटतं, कुठल्याही आराखड्याला पहिल्यांदा हे विचारायला हवं की इथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांची मुलंबाळं उद्या कुठे राहणार? नवी मुंबईत ते कुणी विचारलं नाही. त्याची किंमत आगरी-कोळी गावं आजही मोजतायत.

१९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ आलं आणि ठाणे-पनवेल-उरण पट्ट्यातल्या ९५ गावांची भातशेती, मिठागरं संपादनात गेली. मुंबईवरचा भार हलका करायचा हा हेतू चांगलाच होता. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी साठच्या दशकात मांडलेली ती कल्पना दूरदृष्टीची होती, हे मी मनापासून मानतो. पण शेतं गेली आणि गावठाणाची हद्द होती तिथेच राहिली. तीन भाऊ, त्यांची मुलं, मग सुना-नातवंडं. माणसांनी जायचं कुठे?

घणसोली किंवा कोपरखैरण्याच्या गावठाणातून एकदा चालत जा. जुन्या घराच्या जागी उभे तीन-चार मजले, बाहेरून चढवलेला लोखंडी जिना, समोरच्या खिडकीत हात लांबवून कालवणाची वाटी देता येईल एवढीच गल्ली. आग लागली तर बंब आत शिरायचा नाही. रस्ता ओलांडला की सेक्टर सुरू होतो, तिथे बाग आहे, शाळेसाठी राखीव भूखंड आहे. तीही जमीन याच गावाची होती! गरजेपोटी बांधलेली ही घरं नियमित करायचे शासन निर्णय निघत राहिले, धाकधूक मात्र संपली नाही.

जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या लढ्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी जीव गमावला. पुढे साडेबारा टक्क्यांची योजना, म्हणजे संपादित जमिनीच्या तेवढ्या हिश्शाचा विकसित भूखंड परत, मिळाली ती या रक्तामुळे. तीही मुख्यतः सातबाऱ्यावर नाव असलेल्यांना. खाडीत जाळं टाकणाऱ्याचा, कालवं फोडून विकणाऱ्या बाईचा सातबारा कुठला?

आता नैना, म्हणजे नवी मुंबई विमानतळाभोवतीचं सिडकोचं नवं नियोजन क्षेत्र. तिथल्या नगररचना योजनांत शेतकऱ्याला ४० टक्के जमीन विकसित भूखंड म्हणून परत मिळते. पण गावठाण विस्ताराची जागा आधी राखून ठेवा, भूमिहीन कुटुंबांची यादी ग्रामसभेत वाचा आणि मग रस्ते आखा. पनवेलकडच्या मित्रांनो, तुमच्या गावाचा नकाशा जाहीर झाला असेल तर हरकतींच्या मुदतीत हे दोन मुद्दे लेखी द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.