बंबाची मोड

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या सोसायटीने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी घरटी १२,००० रुपयांची वर्गणी काढली आणि मोठ्या उदारपणे ती दोन हप्त्यांत भरण्याची सवलत दिली. पहिला हप्ता तीन दिवसांत द्यायचा होता. त्या दिवशी माझ्या खात्यात किती रक्कम शिल्लक होती हे येथे लिहीत नाही, कारण हा लेख सासुरवाडीची मंडळीही वाचतील. मात्र माळ्यावर आणि पलंगांच्या पोटात निदान वीस हजारांचा ऐवज पडून आहे, असा हिशेब मी एका कागदावर मांडला. तो कागद पुढे रद्दीत गेला आणि त्याचे तेवढे पैसे नक्की आले.

आरंभ रद्दीपासूनच झाला. रद्दीवाल्याने इंग्रजी वर्तमानपत्रांना किलोला चौदा रुपये सांगितले आणि मराठीला बारा. इंग्रजीचा कागद बरा असतो, असे त्याचे म्हणणे. मजकुराविषयी तो काही बोलला नाही, हे त्याचे सौजन्य. सोळा वर्षांचे दिवाळी अंक मी जड अंतःकरणाने पुढे केले, तर गुळगुळीत कागदाच्या पुड्या बांधता येत नाहीत म्हणून त्यांचा भाव आणखी खाली आला. ताणकाट्याला गठ्ठा लटकवून तो काटा स्थिर होण्यापूर्वीच वजन उच्चारत होता आणि मी अपूर्णांकांसाठी भांडत होतो. एकूण २१४ रुपये आले. त्यातून दोन अंक मी शेवटच्या क्षणी काढून घेतले, त्याचे दहा रुपये त्याने कापले.

भांड्यांकडे वळल्यावर खरी पंचाईत झाली. आमच्या लग्नाच्या काळी आहेराच्या प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचे नाव घालून घेण्याची रीत होती. भांड्यांच्या दुकानातच एक मुलगा टर्र आवाज करणारे यंत्र घेऊन बसे आणि पातेल्याच्या काठावर नाव, नाते व तारीख कोरून देई. त्यामुळे आमच्या माळ्यावर भांडी नाहीत, नातेवाईक रचून ठेवलेले आहेत. त्यांतले सहा लिटरचे पातेले आत्याचे आणि आत्या राहते पलीकडच्या गल्लीत, म्हणजे ज्या भंगारवाल्याकडे ते जाणार त्याच्याच दारावरून ती रोज देवळात जाते.

"अहो, ते विकाल आणि गौरी जेवायला आत्या आल्या की बासुंदी कशात आटवू?" असे सौभाग्यवतींनी विचारले. गेल्या एकोणीस वर्षांत त्या पातेल्याने दुधाचे तोंड पाहिलेले नाही, हे वाक्य मी गिळले. पातेले परत माळ्यावर गेले आणि त्याच्यासोबत मावशी, दोन साडू आणि माझ्या जुन्या कचेरीतील समस्त सहकारीवर्गही गेला.

दुपारी बोहारीण आली. रोख देणे हे तिच्या धर्मात बसत नाही, ही गोष्ट माझ्या लक्षात येईपर्यंत माझ्या चार पँटी आणि दोन साड्या तिच्या गाठोड्यात पडल्या होत्या आणि अर्धा तास घासाघीस करून सौभाग्यवतींनी एक स्टीलची चाळणी व एक डबा पदरात पाडून घेतला होता. पैसे उभे करण्याच्या या मोहिमेत घरातल्या भांड्यांची संख्या दोनने वाढली. शिवाय त्या पँटींपैकी एक मी दुसऱ्या दिवशी घालणार होतो.

व्यायामाच्या सायकलीचे छायाचित्र मुलीने मोबाइलवरच्या विक्रीच्या ॲपवर टाकले. त्यासाठी आधी सायकलीवरचे टॉवेल उतरवावे लागले. दहा मिनिटांत पंधरा जणांनी "शेवटचा किती?" असे विचारले, पहिला कोणीच विचारला नाही. एकाने बदल्यात दोन लव्हबर्ड देऊ केले. आणखी एकाने, आपण सैन्यात असून बदली झाल्यामुळे सायकल न पाहताच घेतो, असे सांगून एक क्यूआर कोड पाठवला आणि तो स्कॅन करून पिन टाकताच पैसे जमा होतील, अशी ग्वाही दिली. पिन लागतो तो पैसे देताना, घेताना नव्हे, हे मुलीने मला ओरडून सांगितले तेव्हा माझे बोट तिसऱ्या अंकावर होते.

अखेर उरला तो आजोबांचा तांब्याचा बंब. आतल्या नळीत निखारे, भोवती पाणी आणि खाली पितळी तोटी असा हा बंब चाळीस वर्षे पेटलेला नव्हता, तरी त्याच्या पोटातली राख तशीच होती. भंगारवाल्याने तांब्याचा भाव ऐकण्यासारखा सांगितला, पण मग वजाबाकी सुरू केली: लोखंडी जाळी वजा, तोटी पितळेची म्हणून वेगळी, काजळी वजा, बुडाचे डाग वजा. नऊ किलोंचा बंब बोलता बोलता साडेपाचावर आला. आणखी पाच मिनिटे तो बोलला असता, तर मीच त्याचे देणे लागलो असतो.

इतक्यात हप्त्याची आठवण करून द्यायला सेक्रेटरीसाहेब आले. "अहो, मोडीत काय काढता? ॲंटिक आहे हा!" असे म्हणून त्यांनी बंब उचलला आणि पहिल्या हप्त्याची पावती तेथेच फाडली. बंबाचा आणि माझा, दोघांचाही मान राहिला, असे मला त्या दिवशी वाटले.

दुसऱ्या हप्त्याची बैठक त्यांच्याच दिवाणखान्यात भरली. कोपऱ्यात चिंचेने घासून लखलखीत केलेल्या बंबात मनीप्लांट लावलेला होता. "हा यांच्या आजोबांचा, कोकणातल्या वाड्यातला," असे वहिनी सर्वांना कौतुकाने सांगत होत्या. बंबाच्या गळ्याशी माझ्या आजोबांचे नाव ठोकलेले आहे, तो भाग भिंतीकडे वळवून ठेवलेला होता. सेक्रेटरीसाहेबांनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्या हातातल्या पावतीपुस्तकाकडे पाहिले. माझा दुसरा हप्ता थकलेला होता. मी चहाचा कप बशीत ठेवला आणि वाड्याला विहीर होती की नळ, एवढीच चौकशी केली.