टॉर्चवर चालणारं सोलर

काल संध्याकाळी शेजारचे काका फाटकाशी उभं राहून चार-पाच जणांना काहीतरी समजावून सांगत होते. मी तिथून आत शिरताना शेवटचं वाक्य कानावर पडलं.

"यांचं सोलर आठ दिवस बंद होतं हो. मी टॉर्च मारला तेव्हा कुठे चालू झालं."

मी थांबले. काकांनी बोट माझ्याकडे केलं. "विचारा हवं तर हिला. कॉम्प्युटरवर आकडा आलाय."

वाईट हेच, की आकडा खरंच आला होता.

सोलर एक दिवसही बंद नव्हतं, हे आधी सांगून टाकते. रोज सूर्य वर येत होता, पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करून देणारा इन्व्हर्टर रोज गुणगुणत होता, वीज तयार होत होती. ती मला दिसत नव्हती, एवढंच. पण "वीज आहे, फक्त दिसत नाहीये" असं मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिलं.

सहा पॅनल, प्रत्येकी 550 वॉटचे, एकूण 3.3 किलोवॉट. बसवायला आलेल्या मुलांनी जाताना इन्व्हर्टरच्या बुडाला, आकडे वाय-फायवरून ॲपकडे पाठवणारा अंगठ्याएवढा डोंगल खोचला आणि ॲपची सगळी माहिती माझ्या नवऱ्याला दिली. मी शेजारीच उभी होते. दिवसभर कॉम्प्युटरवर काम करते ती मी, पण माहिती 'सरांना' मिळाली. सरांनी हो-हो म्हटलं. किलोवॉट आणि युनिट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सरांना अजून मान्य नाही. किलोवॉट म्हणजे नळाची धार आणि युनिट म्हणजे बादलीत साठलेलं पाणी, हे मी तीनदा सांगून झालंय. तिसऱ्या वेळी त्याने विचारलं, "पण बादली किती लिटरची?"

डोंगलला फक्त 2.4 गिगाहर्ट्झचं वाय-फाय कळतं. आमच्या राउटरवर 2.4 आणि 5 अशी दोन्ही एकाच नावाने नांदत होती, त्यामुळे डोंगल दारात घुटमळत राहायचा. हे खोक्यावर कुठे लिहिलेलं नाही. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. मग ॲपला माझं लोकेशन हवं होतं. ठीक आहे, ऊन कुठे पडतं ते बघायचं असेल. मग कॅमेरा हवा होता. मग कॉन्टॅक्ट्स. माझ्या मावसबहिणीचा नंबर कळल्यावर पॅनल जास्त वीज देणार होते का?

एवढं करून ॲप चालू झालं, तर ते शिळे आकडे दाखवायला लागलं. सूर्यापासून माझ्या गच्चीपर्यंत साधारण 15 कोटी किलोमीटर. उजेड तेवढं अंतर 8 मिनिटं 20 सेकंदांत कापतो. गच्चीपासून माझ्या मोबाइलपर्यंत अठ्ठावीस पायऱ्या. त्याला पंधरा मिनिटं लागायची, तीही कंपनीच्या सर्व्हरची मर्जी असली तर. कारण माझ्या गच्चीवरच्या उन्हाचा हिशोब आधी कुठल्यातरी परक्या देशात जाऊन हजेरी लावतो आणि मग मला भेटायला येतो. सर्व्हर झोपला की ॲप सांगणार, 'तुमचा प्लांट ऑफलाइन आहे.' प्लांट! सहा पॅनल आणि कपडे वाळत घालायची दोरी, एवढा माझा प्लांट.

हेल्पलाइनला फोन करून विचारलं की घरातल्या घरात, सर्व्हरला न विचारता आकडे वाचता येतील का. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "त्याची गरज काय मॅडम?" इन्व्हर्टरचं स्वतःचं एक साधं पान होतं, घरच्या वाय-फायवरून उघडायचं. पुढच्या अपडेटनंतर तेही उघडेना. म्हणजे वस्तू मी पैसे मोजून घेतलेली, भिंत माझी, ऊन तर कोणाचंच नाही. आणि तिला विचारलं, "बाई, आज किती केलीस?" तर ती म्हणणार, कंपनीला विचारून सांगते. हे लिहिताना अजून माझा आवाज चढतो.

म्हणून मी स्वतःचं सॉफ्टवेअर लावायचं ठरवलं. रास्पबेरी पाय नावाचा, पत्त्यांच्या कॅटएवढा कॉम्प्युटर, त्यावर फुकट मिळणारं होम असिस्टंट, आणि इन्व्हर्टरपासून त्याच्यापर्यंत आरएस-485 ची दोन तारांची जोडी. तारांची नावं ए आणि बी. एका कंपनीचा ए हा दुसऱ्या कंपनीचा बी असू शकतो, आणि ते उलटं जोडून पाहिल्याशिवाय कळत नाही. तारांवरून बोलायची भाषा मॉडबस, 1979 सालची. तिच्यात इन्व्हर्टर विचाराल तेवढंच सांगतो, तेही नुसता आकडा. 2314 म्हणाला तर ते 231.4 व्होल्ट; दशांश चिन्ह तुम्ही घरून आणायचं. उणे चिन्हाचंही तसंच. पहिल्याच रात्री अकरा वाजता माझ्या गच्चीवर 65,531 वॉट वीज तयार होत असल्याचं दिसलं. प्रत्यक्षात इन्व्हर्टर स्वतःच 5 वॉट खात बसला होता. सोळा बिटांतला, म्हणजे सोळा शून्य-एकांत लिहिलेला उणे 5 चिन्ह सोडून वाचला की त्याचे 65,531 होतात. नवरा मात्र तो आकडा पाहून खूश झाला होता.

राहिला क्लॅम्प. घर ग्रिडमधून, म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्यातून, किती घेतं आणि किती परत देतं हे कळायला मीटरजवळच्या मुख्य वायरीभोवती सीटी क्लॅम्प लावावा लागतो. कपड्यांच्या चिमट्याचा थोरला भाऊ म्हणा. त्याच्यावर वीज कुठून कुठे जाते ते सांगणारा एक बाण असतो, काळ्यावर काळा कोरलेला. जिन्याखालच्या अंधारात मी तो उलटा लावला. हे मला आता माहीत आहे. त्या रात्री माहीत नव्हतं.

गेल्या मंगळवारची गोष्ट. रात्रीचे साडेआठ, मी गच्चीवर, लॅपटॉप स्टुलावर. रात्र मुद्दाम निवडलेली, कारण दिवसा पॅनलच्या वायरीत अडीचशे व्होल्ट डीसी असतो आणि त्याच्याशी ओळख वाढवायची माझी इच्छा नव्हती. आमची आणि काकांची गच्ची यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत आहे. पलीकडून आवाज आला.

"काय गं, सोलर दुरुस्त करतेस?"

"दुरुस्त नाही काका, सॉफ्टवेअर लावतेय."

"मिस्टर नाहीत का घरी?"

"आहेत. खाली मॅच बघतायत."

"असू दे, असू दे. आलोच मी."

आणि बहात्तर वर्षांचे काका भिंत ओलांडून आले. हातात टॉर्च. या टॉर्चबद्दल थोडं सांगायला हवं. कोपरापासून मनगटापर्यंत लांब, मागे चार्जिंगची पिन. रात्री दहानंतर काका त्याच्या झोतात रस्त्यावरच्या कुत्र्यांना त्यांच्या चुका दाखवून देतात. विमानं अजून आमच्या गच्चीवर उतरलेली नाहीत, इतकंच.

"हे चालू आहे की नाही, कसं कळणार?"

"सकाळी कळेल काका. आत्ता ऊन कुठंय?"

"ऊनच कशाला हवं? उजेड हवा ना?"

पंचाईत अशी, की हे शास्त्राला धरून आहे. 1839 साली एदमाँ बेकेरेल नावाच्या एकोणीस वर्षांच्या फ्रेंच मुलाला वडिलांच्या प्रयोगशाळेत उजेडाने वीजप्रवाह तयार होताना दिसला. त्याच्याही मागे कोणी काका दिवा धरून उभे असतील आणि इतिहासाने त्यांच्यावर अन्याय केला असेल. ते असो. मी समजावायला गेले, ही माझी चूक. टॉर्चचा उजेड उन्हापुढे काहीच नाही म्हटलं. सहा पॅनल एकापुढे एक, रांगेत जोडलेत. एकावर उजेड आणि पाच अंधारात, तर रांग हलतच नाही म्हटलं. एवढ्याशाने इन्व्हर्टरला जागसुद्धा येणार नाही म्हटलं.

"मग पौर्णिमेला?"

"पौर्णिमेचा चंद्र सूर्यापेक्षा चार लाख पटीने मंद असतो काका."

"म्हणजे थोडी होते."

"होत नाही."

"चार लाख पटीने मंद म्हणालीस ना? शून्य नाही म्हणालीस."

याला मी उत्तर शोधेपर्यंत त्यांनी तिसऱ्या पॅनलवर टॉर्च रोखला आणि बटण दाबलं. लॅपटॉपवर नुकताच क्लॅम्पचा पहिला आकडा उमटत होता.

ग्रिडला निर्यात: 312 वॉट.

दोघेही काही बोललो नाही. काकांनी चश्मा वर सरकवून आकडा पुन्हा वाचला. मग अतिशय शांतपणे टॉर्च बंद केला. 312 चे 188 झाले. त्यांनी पुन्हा लावला. 188 चे 251 झाले.

खाली त्या मिनिटाला फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबला होता आणि पुढच्या मिनिटाला नवऱ्याने दुसरा पंखा लावला होता, हे मी रात्री उशिरा जुळवून काढलं. गच्चीवर उभं राहून ते कसं कळणार? मला एवढंच कळत होतं की हे चूक आहे. पण काय चुकलंय ते सांगता येत नव्हतं. काकांना सगळं सांगता येत होतं.

"बॅटरी जरा उतरलीय," ते टॉर्चकडे बघत म्हणाले, "म्हणून आता अडीचशेच. फुल चार्ज करून आणतो."

जाताना भिंतीवरून न जाता ते आमच्या जिन्याने खाली उतरले आणि हॉलमध्ये थांबून नवऱ्याला म्हणाले, "झालं बरं का तुमचं सोलर. हिचं जरा अडलं होतं."

नवरा टीव्हीवरून नजर न काढता म्हणाला, "थँक्यू काका."

त्या थँक्यूचं मी अजून काय करायचं ते ठरवलेलं नाही.

रात्री दीड वाजता मी घरभर एकेक दिवा लावत फिरत होते. दिवा लावला की निर्यात वाढायची. इस्त्री लावली तर ती हजाराच्या वर गेली. घरात जितकी उधळपट्टी, तितकी ग्रिडला मदत, असा एकूण प्रकार. तेव्हा डोक्यात उजेड पडला. जिन्याखाली जाऊन मोबाइल धरून पाहिलं तर काळ्या क्लॅम्पवरचा काळा बाण माझ्या तोंडाकडे. क्लॅम्प फिरवला. निर्यातीच्या जागी आयात आली आणि इस्त्री तापते आहे हेही आठवलं.

सकाळी मी काकांना क्लॅम्पचा फोटो दाखवला. घरात येणारी वीज बाहेर जाताना दिसत होती, टॉर्चचा काही संबंध नव्हता, हे सावकाश सांगितलं. त्यांनी सगळं मन लावून ऐकून घेतलं.

"म्हणजे बाण उलटा होता."

"हो."

"आणि तो उलटा आहे हे तुला कशामुळे कळलं?"

मी गप्प.

"टॉर्चमुळे," काका म्हणाले.

आता सॉफ्टवेअर उत्तम चालतं. दर दहा सेकंदाला नवा आकडा. सकाळपासून दुपारपर्यंत टेकडीसारखी चढत जाणारी रेघ. रणरणत्या दुपारी पॅनल तापले की वीज थोडी घटते, साधारण दर अंशाला शेकडा 0.3 ते 0.4, हेही त्या रेघेत दिसतं. आणि दुपारी 3.40 ते 4.25 या वेळात तिला रोज एक खळगा पडतो. रोज. तो खळगा म्हणजे काकांनी चौथऱ्यावर चढवलेली नवी पाण्याची टाकी. तिची सावली माझ्या शेवटच्या पॅनलवर येते. नुकसान म्हणाल तर दिवसाला 0.15 युनिट. त्यासाठी कोणी भांडत नाही, मीही नाही. सॉफ्टवेअर नव्हतं तेव्हा ही टाकी मला दिसतसुद्धा नव्हती. आता 3.40 वाजले की मी मीटिंगमध्ये असले तरी मोबाइल उघडून खळगा पडला का बघते आणि पडला की कुठेतरी बरं वाटतं.

कालच्या फाटकातल्या प्रकारानंतर मात्र राहवलं नाही. आज दुपारी मोबाइल घेऊन भिंतीशी गेले. नवराही आला, सुट्टी होती.

"काका, ही बघा तुमची टाकी."

"यात टाकी कुठंय? ही तर रेघ आहे."

"रेघ खाली गेलीय ना, तिथे. तुमच्या टाकीची सावली आमच्या पॅनलवर पडते."

काकांनी पॅनलकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं. "एवढ्याशा सावलीने?"

"हो. एवढ्याशानेच."

ते आत गेले. टाकी हलवायला माणूस बोलावतायत की काय असं मला क्षणभर वाटलं. बाहेर आले ते टॉर्च घेऊन. भर उन्हात, चार वाजून सतरा मिनिटांनी, भिंतीवर कोपर टेकवून त्यांनी सावलीतल्या पॅनलवर झोत रोखला. "हं. आता बघ."

सावली तशीही कडेला आली होती, पाच-सात मिनिटांत जाणारच होती. हे मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात हातातला आकडा हलला. 1,180. मग 1,215. मग 1,290.

"चढतंय," नवरा माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला.

1,330.

"टाकी हलवायची काही गरज नाही," काका म्हणाले. "मी येत जाईन रोज चारला."